गोठलेली खिडकी

दिवा विझला म्हणजे घरांतील जाणतें माणूस आधीं तेल पाहतें, मग वात पाहतें आणि शेवटीं कोणत्या फटींतून वारा येतो तें शोधतें. दिव्याला दोष देऊन अंधारांत बसून राहणें कोणालाच परवडत नाहीं. पण तेंच माणूस संगणकापुढें बसलें आणि पडद्यावरील पान जागच्या जागीं थिजलें, कीं त्याची शोधक बुद्धि कोठें जाते कोण जाणे! माउस चारदां आपटला जातो, बटणें दहादां दाबलीं जातात आणि अखेर ‘सर्व्हर डाऊन आहे’ असा निकाल देऊन सर्व मंडळी उठतात. प्रत्यक्षांत पुष्कळदां सर्व्हर आपल्या जागीं ठीक चालत असतो. बिघाड असतो तो समोरच्या टेबलावर. आदल्या रात्रीं त्या यंत्राची कार्यप्रणाली बदललेली असते आणि ही गोष्ट कोणाच्या ध्यानांतही आलेली नसते.

हा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांत एक यंत्र अडलें तर दुसरें हाताशीं असतें. वडिलांचा संगणक थबकला तर मुलीचा मोबाइल चालतो आणि आज न भरलेलें विजेचें बिल उद्यां भरतां येतें. परंतु अशाच कित्येक घरांचीं मुळें ज्या गांवांत आहेत तेथें ही सोय सर्वांस नसते. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बोरी अरब हें असेंच एक गांव. भोंवतालचा मुलूख कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगणारा. येथील शेतकऱ्याचा सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, हें सारें आतां ब्राउझरच्या खिडकींतून जातें. आणि ही खिडकी पुष्कळांच्या बाबतींत स्वतःच्या घरांत नसून सेवा केंद्राच्या टेबलावर असते. खरिपाच्या विम्याची मुदत बहुतेक वर्षीं जुलैच्या अखेरीस येते. त्याच दिवसांत शेतांत निंदण आणि डवरणी चालू असते. तें काम टाकून आलेल्या माणसास ‘उद्यां या’ म्हणणें सोपें असतें. ऐकणारास तें महाग पडतें. त्याचा एक दिवस बुडतो, एक मजुरी बुडते आणि तो मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर हंगामाचें संरक्षणही बुडतें.

कायद्याचा आधार येथें अपुरा पडतो. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानें ठरलेल्या मुदतींत दाखला मिळण्याचा हक्क नागरिकास दिला आहे. पण ती मुदत मोजावयाची अर्ज दाखल झाल्यापासून. गोठलेल्या खिडकींत अडकून जो अर्ज दाखलच झाला नाहीं, त्याची मुदत कोण मोजणार? म्हणून खिडकी कां गोठली हें ओळखणें हा केवळ कारागिराच्या कुतूहलाचा विषय राहत नाहीं.

क्रोम, फायरफॉक्स, एज हीं ब्राउझरांचीं नांवें सर्वांच्या ओळखीचीं आहेत. दूरच्या संकेतस्थळावरून पान आणून तें पडद्यावर मांडणें हें ब्राउझरचें काम. परंतु ब्राउझर स्वतःच्या पायांवर उभा नसतो. त्याला लागणारी स्मृति, हार्ड डिस्कवरची जागा, पडदा आणि कळफलक हें सर्व त्यास कार्यप्रणालीच्या हातून मागून घ्यावें लागतें. विंडोज ही अशी कार्यप्रणाली होय.

या दोहोंचें नातें समजण्यास त्याच भागांतील शकुंतला रेल्वेचा दाखला उपयोगी पडेल. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापुरास जाणारी ही ११३ किलोमीटरची गाडी अडीच फुटी अरुंद रुळांवरून धांवत असे. १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेलें वाफेचें इंजिन तिच्या सेवेंत १९९४ पर्यंत होतें. मूर्तिजापुरास मुंबई-हावडा मार्गाचे रुंद रूळ लागत आणि पुढें जाणाऱ्या प्रवाशास तेथें गांठोडें उचलून गाडी बदलावी लागे. अरुंद रुळांचा डबा रुंद रुळांवर चालत नाहीं. डबा वाईट नसे, रूळही वाईट नसत. दोघांचें माप निराळें असे. कार्यप्रणाली म्हणजे रूळ आणि ब्राउझर म्हणजे त्यांवरून जाणारी गाडी. सुदैवानें संगणकाचे रूळ एका रात्रींत इतके बदलत नाहींत. बदल बोटभर असतो. पण चाक अडण्यास बोटभर फरकही पुरतो.

असा फरक किती लोकांस अडवूं शकतो याचें उदाहरण २०१८ सालीं घडलें. ३० एप्रिल २०१८ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नवी आवृत्ति खुली केली. ती बसविल्यावर थोड्याच दिवसांत निरनिराळ्या ठिकाणांहून एकच तक्रार येऊं लागली. क्रोम ब्राउझरमध्यें काम करीत असतां, किंवा बोलून हुकूम देण्याची ‘हे कोर्टाना’ ही सोय वापरीत असतां, कांहीं यंत्रें जागच्या जागीं थिजत होतीं. कंपनीनें हा दोष मान्य केला आणि ८ मे २०१८ च्या दुरुस्तींत त्यावर उपाय दिला. मधल्या आठ दिवसांसाठीं तिनें एक युक्ति सांगितली: विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्या, लॅपटॉप असेल तर त्याचें झांकण मिटून पुन्हां उघडावें. त्या आठ दिवसांत ज्यांचें यंत्र असें गोठलें, त्यांच्या बोटांत कांहीं दोष नव्हता आणि ते जें पान पाहत होते त्याच्या सर्व्हरांतही नव्हता. रूळ बदलले होते आणि गाडी कालचीच होती, एवढेंच.

त्या चार कळा नेमकें काय करतात? त्या दाबतांच पडदा क्षणभर काळा होतो आणि चित्र रेखाटणारा ‘ड्रायव्हर’ नव्यानें सुरू होतो. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा एकेक भाग आणि कार्यप्रणाली यांच्यामध्यें उभा असलेला दुभाषा. पडद्याचा दुभाषा निराळा, छपाईयंत्राचा निराळा, आवाजाचा निराळा. कार्यप्रणाली बदलली कीं कांहीं वेळां जुना दुभाषा तिची नवी बोली समजूं शकत नाहीं, किंवा त्याच्या जागीं एखादा सर्वसाधारण दुभाषा नेमला जातो. आजचे ब्राउझर पानावरील चित्रें आणि हालचाल स्वतः न रेखाटतां ग्राफिक्सच्या भागाकडे सोंपवितात. या व्यवस्थेस हार्डवेअर ॲक्सिलरेशन म्हणतात. दुभाषा गोंधळला कीं ब्राउझर उत्तराची वाट पाहत थांबतो आणि खिडकी गोठते. अशा वेळीं ब्राउझरच्या सेटिंग्जमध्यें जाऊन ही सोय तात्पुरती बंद करून पाहावी. तेवढ्यानें काम सुरळीत झालें तर दोष कोठें आहे तें कळलेंच. मग यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घेऊन बसवावा.

दुसरें कारण अधिक साधें आणि अधिक व्यापक आहे, तें म्हणजे जागेची टंचाई. विंडोज ११ साठीं कंपनीनें चार जीबी रॅम हें किमान माप सांगितलें आहे. पण किमान म्हणजे पुरेसें नव्हे. चार जीबीच्या यंत्रांत प्रणालीनें आपलें बस्तान मांडल्यावर ब्राउझरला थोडीच जागा उरते. रॅम भरली कीं यंत्र कांहीं मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतें आणि लागेल तसा परत आणतें. जुन्या, फिरत्या चकतीच्या डिस्कवर ही ने-आण इतकी संथ होते कीं पाहणारास यंत्र मेलें असेंच वाटतें. त्यांतच नवी आवृत्ति बसल्यावर पहिले कांहीं तास प्रणाली पडद्याआड आपलीं कामें उरकीत असते: फाइलींची अनुक्रमणिका नव्यानें तयार करणें, उरलेल्या दुरुस्त्या उतरवून घेणें, विषाणूंसाठीं तपासणी करणें. या काळांतील मंदपणा हा रोग नसतो. यंत्र चालू ठेवून एखादी रात्र जाऊं दिली तर तो पुष्कळदां आपोआप ओसरतो.

तिसरें कारण ब्राउझरच्या अंगावर चढविलेल्या दागिन्यांचें. जाहिराती अडविणारीं, भाव सांगणारीं, पासवर्ड जपणारीं अशीं अनेक एक्स्टेन्शनें लोक हौसेनें जोडतात आणि विसरून जातात. कार्यप्रणालीबरोबर ब्राउझरही नवा झाला कीं त्यांतील एखादें जुनें एक्स्टेन्शन वाटेंत आडवें पडतें. याची परीक्षा सोपी आहे. क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडली कीं मुद्दाम परवानगी न दिलेलीं एक्स्टेन्शनें तेथें बंद असतात. त्या खिडकींत तेंच पान सुरळीत चाललें तर चोर घरांतलाच समजावा. बाहेरून घेतलेला जुना अँटीव्हायरस हाही कित्येकदां असाच आडवा येतो.

आतां प्रत्यक्ष गोठण्याच्या क्षणीं काय होतें तें पाहिलें पाहिजे, कारण सर्वांत महाग चुका त्याच वेळीं होतात. प्रत्येक खिडकीपुढें निरोपांची एक रांग असते. कळ दाबली, माउस हलला, कीं एकेक निरोप तिच्याकडे जातो. खिडकीनें पांच सेकंदांपर्यंत एकही निरोप उचलला नाहीं कीं विंडोज तिला निरुत्तर ठरवितें, तिच्या जागीं तिची फिकट छाया उभी करतें आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असें लिहितें. याचा अर्थ खिडकी मेली असा नव्हे. ती दुसऱ्या कशांत गुंतली आहे, एवढाच. या अवधींत अधीर माणसानें दाबलेलीं बटणें कधीं वाया जातात, तर कधीं रांगेंत साठून राहतात आणि खिडकी जागी होतांच एकामागून एक पोहोंचतात. ‘पैसे भरा’ हें बटण चारदां दाबणाऱ्यास मग शुल्क दोनदां गेल्याचा निरोप येतो. तेव्हां गोठलेल्या खिडकीपुढील पहिला नियम असा कीं, हात मागें घ्यावा आणि दोन मिनिटें थांबावें. पैसे भरतांना खिडकी गोठली असेल तर पुन्हां भरण्यापूर्वीं बँकेचा निरोप आणि अर्जाची स्थिति पाहावी.

थांबल्यावरही पान हललें नाहीं, तर दिव्याची वात पाहावी तसें क्रमानें पाहत जावें. प्रथम कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागला-विझला तर यंत्र आंतून जिवंत आहे. तो दिवाही हलत नसेल आणि कोपऱ्यांतील घड्याळ थांबलें असेल तर दोष ब्राउझरच्या खालीं, म्हणजे प्रणालींत, ड्रायव्हरांत किंवा यंत्रांत आहे. तेथें त्या चार कळा दाबून पाहाव्या आणि त्यांनीं न भागल्यास यंत्र बंद करून पुन्हां चालू करावें. यंत्र जिवंत असून केवळ ब्राउझर थिजला असेल तर दुसरा ब्राउझर उघडून पाहावा. दुसऱ्यांत तेंच पान चालत असेल तर पहिल्या ब्राउझरची तपासणी करावी. क्रोममध्यें प्रत्येक पानाचा कारभार शक्यतों वेगळा ठेवलेला असतो. शिफ्ट आणि एस्केप या कळांनीं त्यांची यादी उघडते आणि अडलेलें एकच पान बंद करून बाकीचीं वांचवितां येतात. सर्व पानें चालतात आणि सरकारी संकेतस्थळाचें तेवढें एकच पान कोणत्याही ब्राउझरमध्यें, मोबाइलवर वेगळ्या इंटरनेटनें पाहिलें तरीही उघडत नाहीं, असें झालें तरच ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द तोंडांतून काढावे. या सर्व परीक्षेस पांच-सात मिनिटें लागतात. ‘उद्यां या’ म्हणण्यास तितकीही लागत नाहींत; पण त्या दोन शब्दांची किंमत दुसराच कोणी भरतो.

इतका त्रास होतो तर बदलच कां करावा, असें पुष्कळांस वाटतें आणि ते अपडेट कायमचें बंद करून टाकतात. हा उपाय रोगाहून वाईट आहे. मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजीं विंडोजमधील एक धोक्याचें छिद्र बुजविणारी दुरुस्ती दिली होती. ज्यांनीं ती वेळेवर बसविली नाहीं त्यांच्या यंत्रांत १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा खंडणीखोर विषाणु शिरला आणि जगभरांतील फाइलींना कुलूप घालून बसला. पुढच्याच महिन्यांत त्याच छिद्राचाही उपयोग करणारा दुसरा विषाणु आला आणि त्याच्या तडाख्यानें मार्स्क कंपनीच्या जगभरच्या कारभाराबरोबर न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील तिच्या टर्मिनलचें कामही विस्कळीत झालें. बदल नाकारणाऱ्यास बदल सोडतो, पण चोर सोडत नाहीं.

उलट पक्षीं, आलेला प्रत्येक बदल डोळे मिटून स्वीकारणेंही शहाणपणाचें नाहीं. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं खुली केलेली विंडोजची आवृत्ति कांहीं लोकांच्या फाइली पुसून टाकते असें दिसल्यावर कंपनीस ती थोड्याच दिवसांत मागें घ्यावी लागली आणि दुरुस्त करून नोव्हेंबरांत पुन्हां द्यावी लागली. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीनें धाडलेल्या एका सदोष दुरुस्तीनें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें बंद पाडलीं. त्या दिवशीं भारतांतील विमानप्रवाशांपैकीं कित्येकांच्या हातीं हातानें लिहिलेले बोर्डिंग पास पडले. मोठमोठ्या कंपन्यांचीही अशी गत होते, तर गांवांतील एकट्या केंद्रचालकानें सावध असावें यांत नवल तें काय?

मग मार्ग कोणता? तो विदर्भांतील कोणताही शेतकरी सांगूं शकेल. वखर, तिफण, डवरा यांची डागडुजी तो उन्हाळ्यांत करून घेतो. मृगाचा पाऊस पडल्यावर सुताराच्या दारीं तिफण मोडून बसणाऱ्यास गांव हंसतें. डागडुजी टाळणारा आणि ती पेरणीच्या दिवशीं काढणारा, दोघेही सारखेच फसतात. संगणकाचेंही तसेंच आहे. बदल करावाच, पण हंगाम सोडून करावा. विम्याची, शिष्यवृत्तीची किंवा प्रवेशाची मुदत चालू असतां मोठी आवृत्ति बसवूं नये. विंडोजच्या सेटिंग्जमध्यें अपडेट कांहीं आठवडे पुढें ढकलण्याची सोय आहे, ती अशाच वेळेसाठीं. सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या मात्र फार दिवस अडवून ठेवूं नयेत. बदलापूर्वीं महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. ब्राउझर आधीं अद्ययावत करावा आणि नको असलेलीं एक्स्टेन्शनें काढून टाकावीं. दोन यंत्रें असतील तर आधीं एकावर बदल करून आठवडाभर त्याचा अनुभव घ्यावा. दुसरा एखादा ब्राउझर नेहमीं बसवून ठेवावा. आणि नवी आवृत्ति मानवलीच नाहीं, तर तिच्यानंतर सामान्यतः दहा दिवसांपर्यंत जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची वाट विंडोज मोकळी ठेवतें, हें ध्यानांत असावें. दहा दिवस उलटल्यावर ती बंद होते.

हा हंगाम साधण्याची गरज हल्लीं अधिकच आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. पुष्कळ जुन्या यंत्रांत विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाहीं किंवा त्यांचा प्रोसेसर तिच्या यादींत बसत नाहीं. अशा यंत्रावर आडमार्गानें नवी प्रणाली लादून मग ब्राउझर कां गोठतो म्हणून विचारणें, म्हणजे अरुंद रुळांचा डबा रुंद रुळांवर ठेवून तो कां चालत नाहीं म्हणून विचारण्यासारखें आहे. त्यापेक्षां रॅम वाढविणें, फिरत्या चकतीऐवजीं एसएसडी बसविणें, किंवा यंत्राच्या कुवतीस शोभेल अशी लिनक्ससारखी हलकी प्रणाली घेणें, यांपैकीं काय परवडतें आणि केंद्राच्या कामास काय चालतें याचा विचार आधींच करून ठेवणें बरें.

महाराष्ट्रांत एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनीं लाखों लोकांस संगणक चालविण्यास शिकविलें. चालत्या यंत्रापुढें बसण्याची भीति त्यामुळें गेली, हें काम लहान नव्हे. पुढची पायरी अडलेल्या यंत्रापुढें बसण्याची आहे. शहरांतील घरांत ज्यांना हें ज्ञान आहे त्यांनीं सुटींत गांवीं गेल्यावर आईवडिलांचें, शेजाऱ्याचें किंवा केंद्राचें यंत्र एकदां पाहून दिलें, त्यावर दुसरा ब्राउझर बसवून दिला आणि ही क्रमवार परीक्षा भिंतीवर लिहून ठेवली, तर तें मोठेंच उपकार होतील. अंधाराला नांव दिल्यानें दिवा लागत नाहीं. पण तेल संपलें कीं वात जळली हें ओळखणारास तो लावतां येतो. रांगेंत उभ्या असलेल्या माणसास सर्व्हरचें काय झालें याच्याशीं कर्तव्य नसतें. संध्याकाळपूर्वीं हातांत पावती घेऊन घरीं परतावें, इतकीच त्याची अपेक्षा असते, आणि ती पुरी करणें पुष्कळदां त्या टेबलावरच्या पांच-सात मिनिटांच्या हातीं असतें.